चौसष्ट घरांचा हिशोब

१८४४६७४४०७३७०९५५१६१५.

हा आकडा आधी एकदा नीट बघा. वीस अंकी आहे. आता तो मोठ्याने वाचून दाखवा म्हटलं तर आपल्यापैकी बहुतेकजण कोटीच्या पुढे अडखळतील. कोटी, दहा कोटी, अब्ज... आणि मग?

मी उर्दू आणि मराठी शिकवते. गणित माझा विषय नाही. बी.एड.लाही माझ्या दोन्ही अध्यापन पद्धती भाषेच्याच होत्या. पण शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली की त्यांचे तास कुणाच्या तरी वाट्याला येतात. तसे ते एका वर्षी माझ्या वाट्याला आले. आठवीची मुलं-मुली, उर्दू माध्यम, घरची भाषा दखनी. त्यांना घातांक शिकवताना मी हा आकडा पहिल्यांदा फळ्यावर लिहिला, आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आज त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. गणिताची भीती वाटत असेल तरी वाचा. गुणाकार आणि वजाबाकी यापलीकडे यात फारसं काही नाही.

आधी वाचनाचाच प्रश्न घेऊ, कारण तो भाषेच्या शिक्षकाचा प्रश्न आहे.

उर्दूत आपण मोजतो ते असं : हजार, लाख, करोड, अरब, खरब, नील, पदम, शंख. लाखापासून पुढे प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या शंभरपट. या रीतीने हा आकडा होतो १८४ शंख, ४६ पदम, ७४ नील, ४० खरब, ७३ अरब, ७० करोड, ९५ लाख, ५१ हजार ६१५. वर्गातल्या मुलांना ‘नील’ हा रंग माहीत होता, संख्या म्हणून माहीत नव्हता.

मराठीत, म्हणजे मुळात संस्कृतातून आलेल्या रीतीत, पायऱ्या दहापटीच्या आहेत. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा नावं दिली आहेत : कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. गंमत बघा, उर्दूतला शंखही एकावर सतरा शून्यंच. दोन्ही शिड्या वेगवेगळ्या चढून एकाच पायरीवर थांबतात, आणि आपला आकडा त्या दोन्हींच्याही पुढे आहे. १८४ परार्ध म्हणावं लागतं. परार्धाच्या पुढचं नाव यादीत नाही.

मधल्या पायऱ्यांवर मात्र सावध राहावं लागतं. मराठीतला खर्व म्हणजे दहा अब्ज, आणि उर्दूतला खरब म्हणजे शंभर अरब. शब्द एकच, पण किंमत दहापट वेगळी. दोन भाषांत जगणाऱ्या माणसाला हे ठाऊक असलेलं बरं.

आता हा आकडा येतो कुठून ते सांगते.

गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. हिंदच्या एका राजासाठी एका हुशार माणसाने बुद्धिबळाचा खेळ शोधून काढला. अरबी पुस्तकांत त्याचं नाव सिस्सा इब्न दाहिर असं येतं. राजा खूश झाला, म्हणाला, काय हवं ते माग. तो म्हणाला, पटाच्या पहिल्या घरावर गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर चार, असं प्रत्येक घराला दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जा आणि तेवढे दाणे मला द्या. राजाला ही मागणी क्षुल्लक वाटली, जरा अपमानच वाटला. मग हिशोबनीस बसले आणि सगळ्या राज्याचे कोठार रिकामे केले तरी मागणी पुरी होईना.

हा इतिहास नाही, कथा आहे. पण कथेतला आकडा खरा आहे. चौसष्ट घरांवरच्या सगळ्या दाण्यांची बेरीज केली की वर लिहिलेली संख्या येते, एकही दाणा कमी-जास्त नाही.

चौसष्ट वेळा दुप्पट करून मग बेरीज करत बसायचं का? नाही. इथे दुपटीचा एक गुण कामाला येतो. पहिल्या घरावर १, दुसऱ्यावर २, बेरीज ३. तिसऱ्या घरावर ४, म्हणजे मागच्या बेरजेपेक्षा एकाने जास्त. पहिल्या तिन्हींची बेरीज ७, चौथ्या घरावर ८. पुढे कुठेही थांबून बघा, नव्या घरावरचे दाणे हे मागच्या सगळ्या घरांवरच्या एकूण दाण्यांपेक्षा बरोबर एकाने जास्त असतात. त्यामुळे चौसष्ट घरांची बेरीज म्हणजे पासष्टावं घर असतं तर त्यावर जेवढे दाणे आले असते, त्यातून एक वजा. पासष्टाव्या घरावर दोनाचा चौसष्टावा घात. एक वजा केला की झालं.

हे गणित अबू रैहान अल्-बिरुनीने इ.स. १०००च्या सुमारास आपल्या ‘आसारुल बाकिया’ या ग्रंथात मांडलं. बिरुनी ख्वारज्मचा, जन्म ९७३चा, म्हणजे तेव्हा तो तिशीतही नव्हता. पुढे तो गझनीच्या महमूदाच्या काळात हिंदुस्थानाकडे आला, संस्कृत शिकला आणि १०३०च्या सुमारास ‘किताबुल हिंद’ लिहिलं, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याची ही बाजू कमी माहीत असते. त्याची रीत अशी : १६ घ्या. त्याचा वर्ग करा, २५६. त्याचा वर्ग, ६५,५३६. पुन्हा वर्ग, ४२९,४९,६७,२९६. आणखी एकदा वर्ग केला की १८४४६७४४०७३७०९५५१६१६. एक वजा करा. चार वेळा वर्ग आणि एक वजाबाकी, एवढ्यात चौसष्ट घरं संपली. शेवटचा गुणाकार हाताने करायला माझ्या वर्गाला एक अख्खा तास लागला. फळा आडवा पुरला नाही. पण दोन मुलींचं उत्तर शेवटच्या अंकापर्यंत बरोबर आलं.

दोनेकशे वर्षांनी दुसऱ्या एका माणसाला हाच आकडा पटेना. इब्न खल्लिकान, तेराव्या शतकातला, दमास्कसचा काझी. थोरामोठ्यांच्या चरित्रांचा त्याचा कोश प्रसिद्ध आहे. त्यात बुद्धिबळपटू अस्-सूलीच्या चरित्रात तो ही दाण्यांची गोष्ट सांगतो आणि प्रामाणिकपणे लिहितो की इतकं धान्य होईल यावर आपला विश्वास बसला नव्हता. मग अलेक्झांड्रियाच्या एका हिशोबनिसाने त्याला कागदावर करून दाखवलं. हिशोबनिसाने दाणे मोजले नाहीत, मापं मोजली. सोळाव्या घरावर ३२,७६८ दाणे येतात, ते म्हणजे एक कदह. सोळा कदहांची एक वैबा, ती विसाव्या घरावर भरते. सहा वैबांचा एक अर्दब. चाळिसाव्या घरावर पावणेदोन लाखांच्या जवळ अर्दब होतात, त्याचं एक कोठार समजा. पन्नासाव्या घरावर १,०२४ कोठारं, त्याचं एक शहर समजा. मग चौसष्टाव्या घरावर किती? १६,३८४ शहरं. प्रत्येक शहरात १,०२४ कोठारं. जगात एवढी शहरं आहेत का, असा त्याचा सवाल होता.

हे वाचलं तेव्हा मला अब्बांची आठवण झाली. अब्बा मोंढ्यात मापाडी होते. शाळा चौथीपर्यंत. शेर, पायली, मण, खंडी ही त्यांची शिडी, आणि वीस मणांची खंडी हे आम्हा भावंडांना दोनाच्या पाढ्याआधी पाठ. मोजताना पहिल्या मापाला ते ‘एक’ म्हणत नसत, ‘बरकत’ म्हणत. पलीकडच्या अडतीवरचे मापाडी काका ‘लाभ’ म्हणत. बरकत, दोन, तीन... आणि लाभ, दोन, तीन... दोन्ही आवाज एकाच वेळी चालू असायचे आणि कुणाचाही हिशोब चुकायचा नाही. अलेक्झांड्रियाच्या त्या माणसाने काझीसाहेबांना जे समजावलं ते मापाड्याचंच शहाणपण होतं. दाण्याने मोजायला गेलं तर माणूस हरतो, म्हणून माप मोठं करत जायचं.

आपणही माप मोठं करून बघू. गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात, म्हणजे किलोत पंचवीस हजार. पटाची पहिली ओळ, म्हणजे आठ घरं, २५५ दाणे. चिमूटभर. दुसरी ओळ संपली की ६५,५३५, अडीच किलोच्या थोडं वर. अर्धा पट, बत्तीस घरं, ४२९,४९,६७,२९५ दाणे, म्हणजे सुमारे १७२ टन. दहा टनी सतरा-अठरा ट्रक. एवढा माल अब्बांच्या मोंढ्याने हंगामात पाहिलेला आहे. इथपर्यंत राजाचं बरोबरच होतं. मागणी पुरवण्यासारखी होती.

आणि पूर्ण पट? सुमारे ७३,८०० कोटी टन. आज जगात वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे सगळ्या जगाने नऊशे वर्षं एकही पोळी न खाता गहू साठवायचा. सेकंदाला एक दाणा या वेगाने मोजायला बसलं तर ५८,००० कोटींहून जास्त वर्षं लागतील. विश्वाचं वय शास्त्रज्ञ १,३८० कोटी वर्षं सांगतात. त्याच्या बेचाळीस पट.

अर्ध्या पटावर सतरा-अठरा ट्रक आणि पूर्ण पटावर जगाची नऊशे वर्षं, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

आता या आकड्याच्या पोटात काय आहे ते बघू. शेवटी ५ आहे, म्हणून ५ने भाग जातो. सगळ्या अंकांची बेरीज ८७ येते. तिला ३ने भाग जातो, म्हणून आकड्यालाही जातो. ८७ला ९ने भाग जात नाही, म्हणून आकड्यालाही जात नाही. या कसोट्या सहावीतल्या मुलालाही येतात. पुढे आठवीतलं सूत्र लागतं : एखाद्या वर्गातून एक वजा केला की दोन अवयव पडतात, त्या संख्येपेक्षा एकाने कमी आणि एकाने जास्त. आपला आकडा वर्गातून एक वजा करूनच आला आहे, म्हणून तो फुटतो. त्यातला लहान अवयव पुन्हा वर्गातून एक वजा असाच असतो, म्हणून तोही फुटतो. असं फोडत खाली आलं की उरतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४२९,४९,६७,२९७.

या संख्यांना फर्माच्या संख्या म्हणतात. सतराव्या शतकातल्या या फ्रेंच गणितज्ञाने पाहिलं की यातल्या पहिल्या पाचही मूळ संख्या आहेत, आणि त्याला खात्री वाटली की पुढच्याही सगळ्या मूळच असणार. नव्वदहून अधिक वर्षं कुणाला सहावी फोडता आली नाही. १७३२ साली ऑयलरने दाखवलं की ४२९,४९,६७,२९७ म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७. कागद-पेन घ्या आणि गुणून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. पाच उदाहरणं खरी निघाली म्हणून सहावं खरं निघेलच असं नाही, हे मुलांना शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. ‘त्यांच्यातले पाच जण असे वागले, म्हणजे ते सगळे तसेच’ असं आपण माणसांबद्दल रोज बोलतो. आपल्याबद्दलही बोललं जातं. गणितात असं बोलणाऱ्याला पुरावा मागतात, आणि फर्मासारख्या मोठ्या माणसालाही त्यातून सूट नाही.

तर आपल्या वीस अंकी आकड्याचे मूळ अवयव सात : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. एकही दोनदा येत नाही. यांतून वेगवेगळे गुणाकार करून त्याचे एकंदर १२८ विभाजक होतात. आणि यातले ३, ५, १७, २५७, ६५,५३७ एवढेच गुणले तर? बरोबर अर्ध्या पटाचे दाणे येतात, ४२९,४९,६७,२९५. या संख्येचा आणखी एक मान आहे. नुसती पट्टी आणि कंपास घेऊन ज्या विषम बाजूंच्या नियमित बहुभुजाकृती काढता येतात, त्यांच्यातली आजवर माहीत असलेली सगळ्यात मोठी एवढ्या बाजूंची आहे. याचा पाया गाउसने १७९६ साली सतरा बाजूंच्या आकृतीने घातला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

आणि हा आकडा आज तुमच्या खिशात आहे. संगणकाची भाषा शून्य आणि एक अशी दोनच अंकांची. त्या भाषेत आपला आकडा लिहिला तर नुसते चौसष्ट एक येतात, ओळीने. हल्लीच्या मोबाइलांतले प्रोसेसर बहुधा ६४ बिटांचे असतात. त्यांच्या एका कप्प्यात मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्या म्हणजे हीच, सिस्साच्या दाण्यांची. जुने कप्पे बत्तीस बिटांचे, म्हणजे अर्ध्या पटाचे. ऋण-धन चिन्हाला एक बिट सोडलं तर त्यात २१४,७४,८३,६४७पर्यंतच मोजता येतं. २०१४मध्ये एका कोरियन गाण्याला यूट्यूबवर त्याहून जास्त प्रेक्षक मिळाले, तेव्हा ती मोजणी चौसष्ट बिटांवर न्यावी लागली.

हे सगळं शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “टीचर, ये हमारा है क्या?”

प्रश्न साधा नव्हता. तिला विचारायचं होतं, हे गणित आपल्या लोकांचं आहे का. आमच्या मुलांना लहानपणापासून ऐकू येतं की हे तुमचं नाही, ते तुमचं नाही. मग ती प्रत्येक गोष्टीवर हात ठेवून विचारतात.

मी तिला जे सांगितलं ते इथे थोडं विस्ताराने लिहिते. अंक हिंदुस्थानातून गेले. इ.स. ८२५च्या आसपास बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मीने हिंदी अंकांच्या हिशोबावर पुस्तक लिहिलं, ते लॅटिनमध्ये गेलं आणि त्याच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ शब्द आला. संस्कृतातलं ‘शून्य’ म्हणजे रिकामं. अरबांनी त्याचा अर्थ घेऊन ‘सिफर’ म्हटलं, तेही रिकामंच, आणि त्यातून युरोपात ‘झीरो’ झाला. अरब या अंकांना ‘हिंदी अंक’ म्हणतात आणि युरोपवाले ‘अरबी अंक’. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण वाक्याच्या मध्ये आकडा आला की तो डावीकडून उजवीकडे चालतो. रोज लिहितो, पण आपल्या लक्षात येत नाही. उलट उर्दूतला ‘हिंदसा’ हा शब्द ‘हिंद’वरून आला असं अभिमानाने सांगितलं जातं, ते मात्र खरं नाही. तो फारसी ‘अंदाजा’शी जोडलेला शब्द आहे. आपल्या बाजूचं असलं तरी चुकीचं ते चुकीचंच.

बुद्धिबळाचंही तसंच. चतुरंग इथून इराणात गेला, चतरंग झाला, अरबांकडे शतरंज झाला. परत आला तेव्हा शब्द घेऊन आला. मराठीत आपण वजीर म्हणतो, प्यादं म्हणतो, शह देतो, संकटावर मात करतो, राजकारणात काटशह देतो. हे बोलताना कुणाला वाटत नाही की आपण अरबी-फारसी बोलतोय. आणि ज्या ‘लीलावती’त परार्धापर्यंतची नावं आहेत, तिचा फारसी तर्जुमा १५८७ साली अकबराच्या दरबारातल्या फैजीने केला. भास्कराचार्यांच्या वंशाचा शिलालेख खान्देशात चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, १२०७चा. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचं शास्त्र शिकवायला तिथे मठ काढला, त्याची नोंद त्या दगडावर आहे.

तेव्हा पोरी, हे आपलं आहे. आणि त्यांचंही आहे. ज्याने गुणाकार करून बघितला त्याचं आहे. तू कालच केलास ना?

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

दुपटीचं हे गणित पटावर संपत नाही. आमच्या मोहल्ल्यात ‘शेकडा दहा’ हा शब्द सगळ्यांना कळतो. शंभराला महिन्याला दहा रुपये व्याज. कागद नाही, पावती नाही. लग्न, आजारपण, मुलाचं ॲडमिशन, लूम बंद पडलेला, रिक्षाचा हप्ता चुकलेला, अशा वेळी हे पैसे एका तासात मिळतात. घेणाऱ्याला तो अर्धा पटच दिसतो. वीस हजार घेतले, महिन्याला दोनच हजार तर द्यायचे. पण एखादा महिना दोन हजार जमत नाहीत. मग थकलेलं व्याज मुद्दलात जातं आणि पुढच्या महिन्यापासून त्याच्यावरही व्याज. काहीच भरलं नाही तर सात महिन्यांत ३८,९७४. आठव्या महिन्यात ४२,८७२. वर्षाने ६२,७६९. दोन वर्षांनी १,९६,९९५. वीस हजारांचे जवळजवळ दोन लाख.

हे कोष्टक मी वर्गात करून घेतलं, नाव-गाव न घेता. दुसऱ्या दिवशी एक मुलगी मधल्या सुट्टीत थांबली. म्हणाली, टीचर, आमच्या घरी पण पट चालू आहे. बहिणीच्या लग्नाचा. तिने रात्री बसून वहीत महिनावार मांडलं होतं, किती घेतले, किती दिले, किती राहिले. घेतलेल्या रकमेपेक्षा जास्त देऊन झालं होतं आणि देणं होतं त्याहून मोठं उरलं होतं. तिच्या अब्बूंना हे कधी एका कागदावर दिसलंच नव्हतं. ती वही घेऊन ते आपल्या मोठ्या भावाकडे गेले. दोन मामा आणि ते, असं मिळून बिनव्याजी रक्कम उभी केली, सावकाराला बोलावून चारचौघांत हिशोब मिटवला. सगळं गोड झालं असं नाही. घरातला एक दागिना गेला तो गेलाच, आणि भावाचे हप्ते अजून चालू आहेत. पण ते हप्ते वाढत नाहीत. मुलगी या वर्षी दहावीला आहे.

मला याबद्दल आपल्याच लोकांशी थोडं बोलायचं आहे. कुरआनात सूरह आले-इमरानच्या १३०व्या आयतीत व्याजाची मनाई करताना नेमका दुपटीवर दुपटीचाच उल्लेख आहे. जुम्म्याच्या बयानात आपण तो ऐकतो. बँकेत पगाराच्या खात्यावर येणाऱ्या व्याजाचं काय करायचं यावर तासन्‌तास चर्चा करतो. पण मोहल्ल्यात शेकडा दहाने पैसे फिरवणारा पहिल्या सफेत उभा असतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही. घेणाऱ्याला गुनाह सांगणं सोपं आहे. देणाऱ्याला कोण सांगणार?

दुसऱ्या बाजूला, हिंदू धर्मशास्त्रात ‘दामदुपट’ नावाचा जुना नियम आहे. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. आपल्याकडच्या न्यायालयांनीही तो मानला. म्हणजे दोन्ही परंपरांच्या जुन्या लोकांना दुपटीची भीती होती. कुणी तिथे दरवाजाच बंद केला, कुणी तिथे कुंपण घातलं. आज तोच शब्द ‘दामदुप्पट योजना’ म्हणून आमिष दाखवायला वापरतात, आणि त्यात पैसे बुडवणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात.

महाराष्ट्रात सावकारीसाठी परवाना लागतो. २०१४चा कायदा आहे, विनापरवाना सावकारी गुन्हा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. हे माहीत असावं. पण त्याहून आधी हिशोब यावा. एक सोपी रीत सांगते : ७२ला महिन्याच्या व्याजदराने भागा. जे उत्तर येईल साधारण तेवढ्या महिन्यांत न भरलेलं कर्ज दुप्पट होतं. शेकडा दहाने सात महिने. शेकडा पाचने चौदा-पंधरा. शेकडा तीनने चोवीस. हे घरातल्या सगळ्यांना, विशेषतः ज्यांना “तुला हिशोबातलं काय कळतं” असं म्हणून गप्प केलं जातं त्या बायकांना आणि मुलींना, पाठ असायला हवं.

राजाकडे कोठारं होती, हिशोबनीस होते, तरी त्याने मागणी आधी मान्य केली आणि हिशोब नंतर मागवला. आपल्याकडे कोठारं नाहीत. त्यामुळे आपल्याला हिशोब आधीच करावा लागेल, आणि तोही पहिल्या आठ घरांतच, जेव्हा सगळं मिळून चिमूटभर दिसत असतं तेव्हा.